दूधपित्या रेडकाच्या पोटात जंत कोठून येतात?

धाराशिव जिल्ह्यातील भूम परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खव्याच्या भट्टीला दूध हवे आणि दुधासाठी म्हैस. पण कधी कधी महिन्याभराचे रेडकू मलूल होते, पोट फुगते, केस राठ होतात, मातकट रंगाची दुर्गंधीयुक्त हगवण लागते आणि ते दगावते. रेडकू गेले की म्हैस पान्हा चोरते. नुकसान दुहेरी होते.

याचे एक प्रमुख कारण म्हणजे टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम हा गोल जंत. पण गवताला तोंडही न लावलेल्या रेडकात वीतभर लांबीचे जंत येतात कोठून? उत्तर आहे, आईच्या दुधातून! चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात गेलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि तिच्या शरीरात सुप्त राहतात. विण्याच्या सुमारास त्या कासेकडे सरकतात व दुधावाटे रेडकात उतरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जंत प्रौढ होऊन अंडी घालू लागतात. शेणातून ती गोठ्यात पसरतात आणि अनेक महिने टिकतात.

मग चीकच पाजू नये का? तसे मुळीच करू नये. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक प्रथिने वारेतून गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि आतडे ती पहिल्या 24 तासांतच नीट शोषू शकते.

निदानाची रीत सोपी आहे. थोडे शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून, गाळून, नळी काठोकाठ भरतात व वर काचपट्टी ठेवतात. द्रावणाची घनता सुमारे 1.2 असते, अंडी त्याहून हलकी असल्याने तरंगून काचेला चिकटतात. सुमारे 0.08 मिलिमीटरची, जाड कवचाची ही अंडी शाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. (हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.) मात्र पहिल्या दोन आठवड्यांत अंडी दिसली नाहीत, तरी जंत नाहीत असे समजू नये. ते अजून वयात आलेले नसतात, इतकेच.

म्हणूनच हगवणीची वाट न पाहता दहा ते सोळा दिवसांच्या वयात जंतनाशक देणे फायद्याचे ठरते. पिपराझिन किंवा पायरँटेलमुळे जंतांचे स्नायू लुळे वा ताठ होतात आणि आतड्याच्या हालचालीने ते बाहेर फेकले जातात. अंडी घालण्याआधीच जंत गेल्याने गोठाही स्वच्छ राहतो. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाने ठरवावी.

शेणात रक्त दिसले, तर कारण कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी असू शकतात. त्यांवर ही जंतनाशके चालत नाहीत. अ‍ॅम्प्रोलियम किंवा सल्फा औषधे लागतात. म्हणून आधी शेण तपासावे, मग औषध निवडावे.