स्फटिकाचे डावे-उजवेपण
फ्रान्समध्ये १८११ साली आरागो या भौतिकशास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या तबकडीतून ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात बंदिस्त आहेत असा प्रकाश, पाठविला, तेव्हा ते प्रतल वळून बाहेर पडले. आणि पुढे बिओ या भौतिकशास्त्रज्ञाला आढळले की काही स्फटिक ते उजवीकडे, तर काही तितक्याच अंशांनी डावीकडे वळवितात. ही तफावत द्रव्याची नसून रचनेची आहे. कारण सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू स्फटिकात मळसूत्राप्रमाणे चढत जातात, आणि मळसूत्र उजवे असेल की डावे, त्यावर वळणाची दिशा ठरते. स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेने जाणारा सोडियमचा पिवळा प्रकाश दर मिलिमीटरला सुमारे २१.७ अंश वळतो. वळण रचनेमुळेच घडते, याचा मला सर्वांत मनोज्ञ वाटणारा दाखला असा, की तोच क्वार्ट्झ वितळवून काच केली असता हे वळण समूळ नाहीसे होते.