फजर ते इशा: मुसलमानाचा साधा दिवस कसा चालतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडंतिकडं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

ऑफिसात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुमच्यात हे चालतं का रे?" केक चालतो का, म्युच्युअल फंड चालतो का, गणपतीच्या आरतीला उभं राहिलेलं चालतं का. विचारणारे मित्रच असतात, मनात काही वाकडं नसतं. पण या प्रश्नामागे एक समजूत असते, की इस्लाम म्हणजे 'चालतं' आणि 'चालत नाही' अशा दोन याद्या. खरा प्रकार तसा नाही. आज तोच उलगडून बघू.

दोन खाने नाहीत, पाच आहेत

फिकह म्हणजे इस्लामी आचारशास्त्र. त्यात माणसाच्या प्रत्येक कृतीला पाचपैकी एक दर्जा असतो. फर्ज म्हणजे करायलाच हवं, उदाहरणार्थ पाच वेळची नमाज. मुस्तहब म्हणजे केलं तर पुण्य, नाही केलं तर पाप नाही. मुबाह म्हणजे तुमची मर्जी. मकरूह म्हणजे टाळलेलं बरं. आणि हराम म्हणजे मनाई. हनफी पंथात यात आणखी पोटभाग आहेत, पण ढाचा हाच.

यात मुबाह नीट लक्षात ठेवा. व्यवहाराच्या गोष्टींत मनाईचा पुरावा मिळत नाही तोवर गोष्ट मुबाहच धरायची, असा एक मूळ नियम आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर डीफॉल्ट व्हॅल्यू 'चालतं' अशी आहे. कुठला फोन घ्यायचा, कुठल्या कंपनीत नोकरी धरायची, ऊस लावायचा की कांदा, हे सगळं त्या मोठ्या मोकळ्या खान्यात येतं.

एखादी गोष्ट कुठल्या खान्यात टाकायची हे ठरतं चार आधारांवर. कुरआन, हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृती, इज्मा म्हणजे विद्वानांचं एकमत, आणि कियास म्हणजे जुन्या उदाहरणावरून नव्या गोष्टीचा निष्कर्ष. शेवटच्या दोन पायऱ्यांवर माणसाची बुद्धी लागते. म्हणून मतभेद होतात, आणि ते मान्यही असतात.

केडगावात दुपार कधी होते?

दिवसाची चौकट पाच नमाजांची: फजर पहाटे, जुहर दुपारी, असर तिसऱ्या प्रहरी, मगरिब सूर्यास्तानंतर आणि इशा रात्री. या वेळा घड्याळावर नाही, सूर्यावर ठरतात. मोबाईलमधलं ॲप नुसतं त्रिकोणमिती करत असतं.

भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलंय. आपलं दौंड तालुक्यातलं केडगाव साधारण 74.3 अंशांवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे आपली खरी दुपार घड्याळाच्या बाराच्या 32-33 मिनिटं मागे. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे हा आकडाही वर्षभर हलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर येतो 12:16च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला 12:47च्या आसपास. तो ढळला की जुहर सुरू. मुंबईत हेच सगळं केडगावपेक्षा पाच-सहा मिनिटं उशिरा. म्हणून ॲपमध्ये 'मुंबई' ठेवून केडगावात रोजा सोडला, तर तुम्ही उगाच पाच मिनिटं जास्त तहानलेले राहता. पहाटेचा प्रश्न जास्त नाजूक, कारण तिथं उलटं होतं: फजर झालेली असते आणि तुम्ही अजून खात असता.

असरची गंमत वेगळी. शाफई पंथात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वजा करून, वस्तूच्या उंचीएवढी झाली की असर सुरू. हनफी पंथात ती दुप्पट व्हावी लागते. आपल्याकडं या दोन्हींत साधारण तासाभराचा फरक पडतो. घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी. कोकणातले बहुतेक शाफई, कारण तिथं इस्लाम समुद्रमार्गे अरब व्यापाऱ्यांबरोबर आला. म्हणजे श्रीवर्धनचा रूममेट चार वाजता असर पढतो आणि केडगावचा पाचला, आणि दोघंही बरोबर असतात. ॲपच्या सेटिंगमध्ये तो पर्याय याचसाठी दिलेला असतो.

दिशेचंही तसंच. केडगावातून काबा जवळपास पश्चिमेला, नेमकं सांगायचं तर पश्चिमेच्या 11 अंश उत्तरेला. फोनचा कंपास लोखंडाजवळ फसवतो. त्यावर एक जुना बिनखर्चाचा उपाय आहे. दरवर्षी 28 मेच्या सुमारास, आपल्या घड्याळानं दुपारी 2:48ला, सूर्य मक्केत बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी सूर्याकडं तोंड केलं की किबला सापडला. 16 जुलैच्या सुमारास 2:57ला पुन्हा असाच योग येतो, पण तेव्हा आपल्याकडं ढग.

नियमाबरोबर सवलतही येते

बाहेरून बघणाऱ्याला नियम दिसतात, सवलती दिसत नाहीत. उभं राहवत नसेल तर बसून नमाज. बसवत नसेल तर पडून, इशाऱ्यानं. वजूला पाणीच नसेल किंवा आजारात पाणी बाधत असेल तर स्वच्छ मातीनं तयम्मुम. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रमजानचा रोजा पुढं ढकलता येतो. ज्याला पुढंही जमणार नाही, अशा म्हाताऱ्या माणसानं एका गरजूला जेवू घालायचं.

प्रवासात चार रकातींची नमाज दोनवर येते. पण प्रवास कशाला म्हणायचं? हनफी मतानं साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढं. केडगाव ते पुणे पन्नासेक किलोमीटर. त्यामुळे दौंड-पुणे गाडीनं रोज अपडाऊन करणाऱ्याला, कितीही चेंगरून आला तरी, ही सवलत नाही! मुंबईला गेला तर आहे.

शुक्रवारी दुपारी जुहरऐवजी जुम्म्याची सामूहिक नमाज असते. पण शुक्रवार हा सुट्टीचा वार नाही. कुरआनात सांगितलंय ते एवढंच, की त्या वेळेपुरता व्यवहार थांबवा, नमाज झाली की पुन्हा कामाला लागा. तुमच्या टीममध्ये कोणी मुसलमान असेल, तर शुक्रवारी एक ते दोनमध्ये मीटिंग टाकू नका. बस्स, एवढीच सोय पुरते.

पगार खात्यात आल्यावर

माझ्या वयाच्या लोकांना खरा घोर लागतो तो नमाजेचा नाही, पैशाचा.

जकात सोपी आहे. निसाब म्हणजे ठरलेली किमान मालमत्ता: साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे 612.36 ग्रॅम, किंवा साडेसात तोळे सोनं, म्हणजे 87.48 ग्रॅम. तेवढी बचत हातात असेल आणि चांद्रवर्ष उलटलं असेल, तर अडीच टक्के गरिबांचे. दोन लाख शिल्लक असतील तर पाच हजार. शेतीच्या पिकाला मूळ नियम वेगळा, त्याला उश्र म्हणतात. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि कष्टानं पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. घाम आणि खर्च जास्त, तर देणं कमी. आपल्या भागातल्या विहिरीवरच्या उसाला हा हिशेब लगेच समजतो.

अवघड आहे ते व्याज. कुरआनात रिबाला स्पष्ट मनाई आहे, आणि आपली सगळी अर्थव्यवस्था व्याजावर उभी. बचत खात्यावर व्याज आपोआप जमा होतं. बरेच उलेमा सांगतात की ते स्वतःवर खर्च न करता, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावं. शेअर बाजार सरसकट हराम नाही. दारू, जुगार आणि व्याजावर चालणाऱ्या कंपन्या वगळायच्या, कर्जाचं प्रमाणही बघायचं. टाटा एथिकल फंड आणि निफ्टी 50 शरिया निर्देशांक अशाच चाळणीवर चालतात.

पण घराचं काय? भाडं भरत राहायचं, की गृहकर्ज घ्यायचं? यावर एकमत नाही. काही उलेमा ठाम नाही म्हणतात, काही 'जरूरत' या तत्त्वाखाली अटींवर मोकळीक देतात. बिनव्याजी कर्जाचे प्रयोग आपल्या राज्यात झालेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेनं 2016मध्ये तसा एक सुरू केला होता. पण पुण्यातल्या फ्लॅटच्या किमतीला असलं कर्ज पुरत नाही. माझ्या ओळखीच्यांपैकी काहींनी कर्ज घेतलं, काही दहा-दहा वर्षं पैसे साठवतायत. दोघांनाही मी मनापासून धर्म पाळताना बघतो. म्हणून 'चालतं का?' या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही.

रूढी कुठली, धर्म कुठला?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. घरात 'धर्म' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच काही रिवाज असतं. निकाहात मेहर देतो नवरा, बायकोला. हुंडा या व्यवस्थेत बसतच नाही, तरी आपल्याकडं तो घेतला जातो. कुरआनात मुलीचा वारसाहक्क ठरवलेला आहे, भावाच्या निम्मा. त्या 'निम्म्या'वर वाद आहेच, पण कित्येक घरांत तो निम्माही तिला मिळत नाही.

हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. 18 एप्रिल 1966ला हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. 22 मार्च 1970ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाईंची टीका धर्माच्या चौकटीबाहेरून होती, त्यामुळे अनेकांना ती पटली नाही. पण एका दमात तीन तलाक ही पद्धत योग्य नाही, असं चौकटीच्या आतले विद्वानही म्हणत होते. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि 2019मध्ये कायदा आला. त्या सात बायकांनी विचारलेल्या प्रश्नाला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आपल्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, नारायण महाराजांचं बेट आहे, आणि आम्हीही आहोत. इथं एकमेकांचे सण माहीत असतात, पण रोजचा दिवस माहीत नसतो. तेव्हा पुढच्या वेळी 'चालतं का?' असं विचारलंत, तर त्याला 'का?' हेही जोडा. गप्पा लांबतील, पण मजा येईल.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात चंद्राचं कॅलेंडर घेऊ: रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडं का सरकतो, आणि 2030मध्ये तो दोनदा कसा येणार. तोवर, खुदा हाफिज आणि राम राम!