येडशीचा वाघ आणि ताडोब्याची सहल

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात एका वाघाचे छायाचित्र उमटले, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील पुष्कळांचा त्यावर प्रथम विश्वासच बसला नाही. वनक्षेत्राच्या बाबतीत आपला जिल्हा राज्यात तळाच्या रांगेत बसणारा. अभयारण्य म्हणावे तर अवघे २२ चौरस किलोमीटरांचे. अशा ठिकाणी बिबट्याची वार्ताही गावभर पुरते, तेथे वाघ कोठून यावा? परंतु अंगावरील पट्टे ताडून पाहिले असता हा नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचे निष्पन्न झाले. शेते, नाले, रस्ते आणि वस्त्या ओलांडीत सुमारे ४५० किलोमीटरांची वाट तुडवून तो बालाघाटाच्या या डोंगरात येऊन पोहोचला होता.

तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांतील मधल्या सुट्टीत एक विषय वारंवार निघू लागला आहे. ‘एकदा ताडोब्याला जाऊन यावयास हवे.’ ही इच्छा स्वागतार्ह आहे. मात्र महाबळेश्वरला किंवा गाणगापूरला जाण्याची जी आपली रीत आहे, म्हणजे सुट्टी लागली की पिशवी भरावयाची आणि एस.टी.त बसावयाचे, ती रीत येथे चालत नाही, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या फजितीवरून ठाऊक झाले आहे. काही वर्षांपूर्वी कुटुंबासह रात्रभर प्रवास करून, सकाळच्या प्रहरी मोठ्या उमेदीने मी प्रवेशद्वाराशी उभा राहिलो. तो वार मंगळवार होता, आणि ताडोबा मंगळवारी बंद असते. दोष सर्वस्वी माझा. विद्यार्थ्यांना ‘प्रश्न नीट वाचा’ असे वर्षानुवर्षे बजावणाऱ्या माणसाने सूचनाच वाचली नव्हती! धाकट्या मुलाने परतीच्या वाटेवर तो शब्दही काढला नाही, हे अधिक लागले.

तेव्हा आधी वार पाहावा आणि मग महिना. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे तीन महिने गाभ्याचे जंगल पर्यटकांस बंद असते. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात, पानगळीमुळे दृष्टी दूरवर जाते आणि उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात. म्हणून वाघ दिसण्याची शक्यता त्या काळात अधिक. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे मराठवाड्याच्या उन्हाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही अनुभवूनच बोलावे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर दिवाळीची सुट्टी किंवा हिवाळा बरा. तेव्हा गवत उंच असते, वाघ कदाचित दिसणार नाही, पण साग, ऐन, मोह आणि बांबूचे ते रान पाहावे असे असते. प्रवेश सकाळ-दुपार अशा दोन फेऱ्यांत मिळतो. आरक्षण संगणकाद्वारे बरेच आधी करावे लागते आणि ज्या ओळखपत्रावर ते केले तेच जवळ बाळगावे लागते. आणखी एक गोष्ट नवखे लोक विसरतात. मोहर्लीचे द्वार चंद्रपूरच्या बाजूस, तर कोलाऱ्याचे चिमूरच्या बाजूस आहे. एका द्वाराचे आरक्षण आणि दुसऱ्या द्वारापाशी मुक्काम असा घोळ झाला, तर पहाटेची फेरी हातची जाते.

आता पैशाचा प्रश्न. उघड्या जिप्सीत सहा माणसे बसतात. प्रवेश, वाहन आणि वाटाड्या मिळून एका फेरीचा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो. शनिवार-रविवारचे दर अधिक चढे. म्हणजे ज्याला हव्या त्या दिवशी सवड आहे त्याला जंगल स्वस्त, आणि ज्याची सुट्टी शासनाच्या दिनदर्शिकेने ठरविली आहे त्या शिक्षकास, कारकुनास आणि विद्यार्थ्यास ते महाग! गर्दीला आवर घालण्यासाठी दर वाढवावे लागतात, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. वाहनांची संख्या मर्यादित असलीच पाहिजे, याविषयीही दुमत नाही. परंतु त्या मर्यादित संख्येतील काही जागा दूरच्या जिल्ह्यांतील शाळांसाठी, शिक्षकाच्या जबाबदारीवर आणि माफक दराने राखून ठेवल्या, तर वन्यजीवांस अधिक उपद्रव होण्याचे कारण नाही. वाहने तेवढीच राहतील, बसणारे बदलतील. भूम-परांड्याच्या मुलाने जंगलावर निबंध लिहावयाचा तो पाठ्यपुस्तकातील चित्रावरूनच, ही स्थिती आपण किती दिवस चालू द्यावी?

ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते घोषित झाले. पुढे १९८६ च्या अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. हा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे आणि भोवतालचे बफर क्षेत्र त्याहून मोठे. आपल्या रामलिंगासारखी किमान पंचवीस अभयारण्ये केवळ गाभ्यात मावतील. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून आले. तळ्याकाठी त्याचे स्थान आहे. जंगलाच्या पोटातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे हलविण्यात आली, तेव्हा जेथे नांगर चालत होता तेथे आज चितळ चरतात. फिरावयास जाणाऱ्याने हेही मुलांना सांगितले पाहिजे. जी शांतता आपण पैसे मोजून अनुभवतो, तिच्यासाठी कोणी तरी आपले घर सोडले आहे.

आणि वाघ दिसलाच नाही तर? बहुतेकांची खरी धास्ती हीच असते. गवा, अस्वल, रानकुत्र्यांचा कळप, तळ्यातील मगर यांपैकी काहीही दिसले तरी ‘वाघ काही दिसला नाही बुवा’ अशी तक्रार करीत लोक परततात. या हट्टाचे टोक ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात दिसले. पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाहने चालकांची होती हे खरे, पण ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणारे आपल्यासारखेच सुशिक्षित असणार. तेव्हा सहलीच्या तयारीत दुर्बिणीबरोबर मारुती चितमपल्लींचे एखादे पुस्तकही असावे. २०२५ साली निवर्तलेला हा वनाधिकारी लेखक आपल्या शेजारच्या सोलापूरचा. झाड, पक्षी आणि रानातली माणसे यांकडे किती सावकाश पाहावयाचे असते, हे त्यांच्या लेखनावरून कळते.

प्रवासाविषयी माझा एक आग्रह आहे. तो शक्य तर दिवसा करावा. तुळजापुरातून निघालेला राष्ट्रीय महामार्ग औसा, लातूर, नांदेड, उमरखेड करीत यवतमाळला जातो आणि तेथून वणीमार्गे चंद्रपूर गाठता येते. एकूण अंतर ५०० किलोमीटरांहून अधिक. उमरखेडच्या अलीकडे पैनगंगा ओलांडावी लागते. याच मुलुखातून कधी तरी येडशीचा तो वाघ उलट दिशेने आला असला पाहिजे. त्याच्याआधी टिपेश्वरचाच आणखी एक नर, गळ्यात पट्टा बसविलेला असल्याने ज्याची वाट नोंदली गेली, तो २०१९ साली पैनगंगेच्या रानातून हिंगोली-वाशीमकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. खिडकीतून दिसणारे कापसाचे शेत, ओढ्याकाठची बाभूळबने आणि माळावरील झुडपे ही आपल्याला ओसाड वाटतात. जागा शोधीत निघालेल्या तरुण वाघाला तीच आडोशाची ठरतात. चौपदरी रस्त्यावर त्याला खालून जाण्यास मोऱ्या कोठे आहेत, हे मुलांना मोजावयास सांगावे. प्रवासही बरा जातो.

येडशीच्या वाघास पकडून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात नेण्याचे २०२५ साली ठरले, पथके आली, आणि कित्येक आठवडे तो त्यांना हुलकावण्या देत राहिला. या काळात ज्यांची गुरे गेली त्या शेतकऱ्यांना ही कथा आमच्याइतकी रम्य वाटली नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. सहलीचे टिपण करताना मी म्हणूनच पहिला दिवस ताडोब्याचा धरलेला नाही. निघण्याच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन रामलिंगाच्या देवळापर्यंत जावयाचे, वनरक्षकांना आणि घाटाखालच्या एखाद्या गुराख्याला भेटावयाचे, आणि वाघ आला तेव्हा त्यांनी गुरे कोठे बांधली हे विचारावयाचे, असे ठरविले आहे. ताडोब्याचे आरक्षण बुधवारचे करणार आहे.