स्तनविकार व ग्रामीण स्त्रियांचा उपचारशोध

स्तनात गाठ, वेदना, स्तनाग्रातून स्राव, त्वचेवर खळी पडणे यांसारखे लक्षण प्रथम जाणवल्यापासून वैद्यकीय तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत स्त्री व तिचे कुटुंब जी पावले टाकतात, त्या क्रमास उपचारशोध म्हणता येईल. वैद्यकीय समाजशास्त्रात या कालावधीचे दोन भाग पाडतात : लक्षण दिसल्यापासून पहिल्या तपासणीपर्यंतचा रुग्णाचा विलंब आणि तेथून पुढे निदान व उपचार होईपर्यंतचा व्यवस्थेचा विलंब. लक्षण जाणवल्यावर तीन महिन्यांत वैद्यकीय मदत न घेणे हा सर्वसाधारणपणे विलंब समजतात. या मर्यादेला आधार आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे एक लाख रुग्णांची माहिती तपासण्यात आली. तीन महिने वा अधिक विलंब झालेल्या रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी आढळले.

स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयातील तंत्वर्बुद, मासिक पाळीपूर्वीचा ठणका व गाठाळपणा, अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस होणारा स्तनशोथ व त्यातून होणारा विद्रधी (गळू) हे विकार पुष्कळ आढळतात व बरे होतात. तथापि स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमधील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग असून २०२२ या वर्षासाठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला व ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने येथे तो सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी होतो आणि निदानसमयी पुष्कळदा पुढच्या अवस्थेस गेलेला असतो. [→ कर्करोग].

विदर्भाच्या पश्चिम टोकास असलेला बुलढाणा जिल्हा या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास सोयीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून सुमारे चार-पंचमांश लोक खेड्यांत राहतात. कापूस, सोयाबीन व तूर ही पिके. निंदणी व कापूस वेचणी ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे. दिवसाच्या मजुरीवर घर चालत असताना दवाखान्यात जाणे म्हणजे प्रवासखर्चाबरोबर रोजही बुडणे होय. त्यामुळे वेचणीच्या हंगामात जाणवलेली गाठ हंगाम संपेपर्यंत तशीच राहते. मराठीत यासाठी ‘दुखणे अंगावर काढणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे आणि तो बहुधा स्त्रियांच्याच बाबतीत, तोही कौतुकाच्या सुरात, वापरला जातो ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुखणे अंगावर काढण्याची गरज मात्र दुखण्यालाच असते. कर्करोगाची गाठ आरंभी प्रायः दुखत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. विद्रधीने ताप व ठणका येतो, मूल पाजता येत नाही. म्हणून शेक, पोटीस व लेप यांनी गुण न आल्यास स्त्रीस दोन-चार दिवसांत दवाखान्यात नेतात. न दुखणारी कठीण गाठ मात्र ‘दुधाची गाठ’ म्हणून वर्ष-वर्ष सांभाळली जाते. हा भेद जुन्या वैद्यकास अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन मंद वेदनेचे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे केले आहे. त्याच ग्रंथात स्तनरोगांचाही स्वतंत्र विचार आहे. परंतु कन्यांच्या स्तनांतील धमन्यांची द्वारे मिटलेली असल्याने त्यांना स्तनरोग होत नाहीत, ते प्रसूत व गर्भवती स्त्रियांना होतात, असे तेथे म्हटले आहे. मूल न झालेल्या वा मूल मोठे झालेल्या स्त्रीस स्तनाचा विकार कसा होईल, ही लोकसमजूत याच विचारसरणीशी मिळतीजुळती आहे. वस्तुस्थिती उलट आहे : मूल न होणे वा पहिले मूल उशिरा होणे यांनी स्तनाच्या कर्करोगाची शक्यता काहीशी वाढते व दीर्घकाळ अंगावर पाजण्याने कमी होते.

लक्षण प्रथम कोणास सांगावयाचे हाही निर्णयच असतो. सासरी जाऊ वा नणंद, माहेरी आई वा बहीण अशा क्रमाने बातमी फिरते. दिवाळीस माहेरी आलेली लेक आईजवळ पहिल्यांदा बोलते, असे घडते. पतीस व सासूस सांगितल्याखेरीज पैसा व सोबत मिळत नाही. पुरुष डॉक्टरपुढे उघडे होण्याचा संकोच मोठा असतो. त्यातच सुई टोचली वा शस्त्र लागले की रोग पसरतो, ही सर्वदूर पसरलेली समजूत निदानाच्या आड येते. सुईने पेशी काढून पाहणे वा जीवोतक परीक्षा यांनी रोग पसरत नाही. त्यांच्यावाचून मात्र खात्रीचे निदान होत नाही. विवाहयोग्य मुली घरात असल्यास आजार झाकण्याकडे कल अधिक असतो, कारण तो आनुवंशिक समजला जाईल अशी भीती वाटते. वास्तविक आनुवंशिक जनुकदोषामुळे होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण थोडे, साधारणतः दहा टक्क्यांच्या आत असते.

असे अडथळे एकाच समाजापुरते नाहीत. चिनी पारंपरिक वैद्यकात स्तनाच्या कर्करोगास ‘खडक’ या अर्थाचे नाव असून राग व शोक कोंडल्याने प्राणशक्तीचा प्रवाह अडून गाठ होते अशी कल्पना आहे. त्यामुळे आधी मन शांत करणारी औषधी घेण्याकडे ओढा राहतो. शांघायमध्ये १९८९ ते १९९१ या काळात कापडगिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांची नोंद करून त्यांतील निम्म्यांना स्वतःचे स्तन स्वतः तपासण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक पडला नाही. शिकविलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र अधिक सापडल्या. यावरून स्त्रीने आपल्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा अर्थ काढणे चूक ठरेल. नियमित स्वतपासणीचा पाठ आणि जाणवलेल्या बदलाची वेळेवर दखल या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्रातील अनुभव अधिक आशादायक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने (स्थापना १९४१) १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर दीर्घकालीन प्रयोग केला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटातील तिसऱ्या व चौथ्या अवस्थेच्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के आढळले. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून झालेली घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही. तपासणारी व्यक्ती स्त्री, ओळखीची आणि वस्तीत येणारी होती, ही बाब ग्रामीण भागासाठी यंत्रसामग्रीइतकीच मोलाची आहे.

२०१६ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हावयाची आहे. प्रत्यक्षात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील एक टक्क्याहून कमी भारतीय स्त्रियांनी आपली स्तनतपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. आशा कार्यकर्ती दारी येते. पण तिच्याकडे माता-बालकांच्या नोंदींपासून क्षयरोगापर्यंतची कामे असतात, आणि गाठ सापडल्यावर पुढे कोठे पाठवावयाचे हे निश्चित नसेल तर तपासणी निरर्थक ठरते.

पुढची वाट भूगोलावर अवलंबून आहे. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके मुंबई–हावडा लोहमार्गावर असल्याने तेथील रुग्ण अकोला, नागपूर वा थेट मुंबई गाठू शकतात. घाटावरील चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या तालुक्यांतून लोहमार्ग जात नाही, तेथून एस्‌. टी.ने जालना व छत्रपती संभाजीनगरकडे जाणे सोयीचे पडते. संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया, रासायनिक उपचार व विकिरणोपचार यांचा खर्च राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेतून (२०१२, २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना) मिळू लागल्याने शेती विकण्याची पाळी पुष्कळांवरून टळली. राहण्याजेवण्याचा खर्च व सोबतच्या माणसाची मजुरी मात्र योजनेबाहेरच राहते. विकिरणोपचार तीन ते पाच आठवडे जवळजवळ रोज घ्यावे लागतात आणि तेवढे दिवस घर सोडून राहणे न जमल्याने काही स्त्रिया ते अर्धवट सोडतात. मुंबईस येणाऱ्यांना दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार मिळतो. रुग्णांसाठी धर्मशाळा बांधणारे गाडगे महाराज स्वतः वऱ्हाडातीलच होते.