खाऱ्या हवेतील गाद्या, उशा आणि पिसांच्या रजया

अलिबागच्या दक्षिणेस, आक्षी आणि रेवदंडा यांच्या मधल्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेल्या नागावात अंथरूण-पांघरूण मळाने जितके खराब होते, त्याहून अधिक ओलीने होते. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पावसाळाभर ८० टक्क्यांच्या वर राहणारी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, आणि वाडीतली दाट सावली, एवढ्यावर हे थांबत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठही येते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते, आणि त्यामुळे ज्या चादरीत खार बसला आहे ती उन्हाळ्यात कोरडी भासली, तरी आषाढात कपाटातल्या घडीतच दमट आणि चिकट होते. आगोटीची बेगमी करताना पलंगपोस, अभ्रे आणि गाद्यांच्या खोळी गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढणे आवश्यक ठरते ते यासाठीच. ज्या घरच्या विहिरीला मचूळ पाणी आहे तेथे निदान शेवटचे पाणी तरी नळाचे घ्यावे.

पक्ष्यांच्या पोटाखालच्या मऊ पिसांशी तुलना होऊ शकेल असे या प्रदेशाचे स्वतःचे भरण म्हणजे सावरीचा कापूस. काटेसावरीची पाने गळून होळीच्या सुमारास ती लाल फुलांनी भरते आणि उन्हाळा चढू लागला की तिची बोंडे तडकून आतला रेशमी कापूस वाऱ्यावर सुटतो. शेतातल्या कापसाचा तंतू बीच्या सालीवर वाढतो, तर सावरीचा तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर. तो आखूड, गुळगुळीत आणि मेणाचा पातळ लेप असलेला असल्यामुळे त्याचे सूत काढता येत नाही, पण तो आतून पोकळ नळीसारखा असतो आणि त्याच्या आकारमानाचा बहुतांश भाग हवेनेच व्यापलेला असतो. ही कोंडलेली हवाच उशीला मऊपणा देते. याच पोकळीमुळे आणि मेणामुळे सावरीच्याच कुळातल्या, जावा बेटावर लागवड होणाऱ्या पांढऱ्या सावरीचा कापूस जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरला जात असे. १९४२ साली जपानने जावा जिंकल्यावर तो पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेत मुलांना रानात पाठवून मिल्कवीड या, नागावच्या किनाऱ्यावरही उगवणाऱ्या रुईच्या नात्यातल्या, झाडाची बोंडे गोळा करवून घेण्यात आली.

पाण्यावर तरंगणारा हा तंतू धुण्याला मात्र मुळीच योग्य नाही. साबणाच्या पाण्यात चोळला की त्याचा मेणाचा लेप निघू लागतो, नाजूक नळ्या चेपतात आणि वाळल्यावर उशीत गुठळ्या उरतात, ज्या कितीही थोपटल्या तरी सुटत नाहीत. दांडक्याने झोडपणेही टाळावे, कारण ठिसूळ तंतू तुटून त्यांची धूळ होते आणि ती अभ्र्यातून झोपणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. धुवायची असते ती खोळ, आणि त्यासाठी भरण बाहेर काढण्याची जुन्या हातांची रीत अत्यंत शहाणपणाची आहे: पंखा बंद करून, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत जुन्या खोळीचे एका बाजूचे टाके उसवायचे, नव्या मांजरपाटाच्या खोळीचे तोंड त्या तोंडाला कच्च्या दोऱ्याने शिवून टाकायचे आणि बाहेरून हाताने सारत सारत सगळा कापूस एका पिशवीतून दुसरीत लोटायचा, म्हणजे एक पुंजकाही उडत नाही. सारताना बोटांना लागणाऱ्या बिया मात्र काढाव्यात, कारण त्यांत तेल असते, ते खवट होते आणि किड्यांना बोलावते. हा कापूस चटकन पेट घेतो, त्यामुळे देव्हाऱ्यातल्या समईजवळ किंवा डास पळवणाऱ्या उदबत्तीजवळ हे काम करू नये.

साध्या कापसाच्या गादीचे तंत्र वेगळे आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरतो आणि आर्द्रता वाढेल तसे हे प्रमाण वाढते, त्यामुळे पावसाळ्यात जड वाटणारी गादी खरोखरच जड झालेली असते. तिच्यावर उपाय म्हणजे ऊन आणि काही वर्षांनी पिंजारी. तातीच्या कंपनाने बसका कापूस तंतू-तंतू सुटा करणारे पिंजण आता क्वचित दिसते आणि ते काम गादी कारखान्यातले यंत्र करते, परंतु तत्त्व तेच राहिले आहे: दाबलेल्या भरणात पुन्हा हवा खेळवणे. उन्हाचा लाभही त्याच्या कोरड्या उष्णतेत आहे. प्रकाश गादीच्या आत पोहोचत नाही, पण तापल्याने आतली ओल निघून जाते, आणि हवेतलेच बाष्प शोषून जगणारे, दम्याला आणि शिंकांना कारण होणारे धूळमाइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे आठपायी जीव तग धरू शकत नाहीत. अभ्रे आणि चादरींतले माइट मारायचे असतील तर ६० अंश सेल्सिअसचे पाणी लागते. कोमट पाण्याने ते मरत नाहीत.

परदेशी राहणाऱ्या मुलांनी आणलेली, किंवा एसीच्या खोलीसाठी हौसेने घेतलेली बदकाच्या अथवा हंसाच्या पिसांची रजई सावरीच्या उशीप्रमाणे धुण्याला वर्ज्य नाही, मात्र तिचे पीस केराटिनचे, म्हणजे केस आणि नखे ज्याची बनतात त्या प्रथिनाचे असते. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे असतात, त्यामुळे अशी पावडर वर्ज्य करून सौम्य द्रव साबण अगदी थोडा वापरावा, समोरून दार असलेल्या मोठ्या यंत्रात रजई धुवावी आणि पाणी तीनदा तरी बदलावे. खरी कसोटी वाळवण्यात लागते. ड्रायर नसेल तर होळी ते वैशाख हाच काळ निवडावा, रजई दोरीवर न टांगता नवारीच्या बाजेवर आडवी पसरावी, दर तासाला उलटून ओल्या पिसांचे गोळे दोन्ही तळहातांत हलकेच विलग करावेत आणि दिवस कलण्यापूर्वी, संध्याकाळची दमट हवा लागण्याआधी, ती आत घ्यावी; असे लागोपाठ तीन-चार दिवस करावे लागते. रजई उजेडासमोर धरली असता कप्प्यांत काळसर ठिपके दिसले, तर तेथे पीस अजून ओले आहे. अशी अर्धओली रजई गुंडाळून ठेवली तर आत बुरशी धरते आणि तो कुबट वास पुढे सहसा जात नाही.

साठवणीत प्लॅस्टिकची पिशवी सर्वांत घातक, कारण ती आतली ओल बाहेर पडू देत नाही, आणि हवा काढून घेणाऱ्या पिशव्या ज्या हवेसाठी भरण निवडले तिलाच हद्दपार करतात. सैल सुती पिशवी, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेली मांडणी आणि पावसाने उघडीप दिली की तासभर उघडलेले कपाट एवढे पुरते. पर्यटकांच्या खोल्या मात्र आठवडाभर बंद राहतात आणि शनिवारी एकदम गार केल्या जातात. एसी बंद झाल्यावर बाहेरची दमट हवा थंड गादीवर येते आणि तिच्यातले बाष्प कापडात मुरते, म्हणून पाहुणे गेल्यावर खोली लगेच बंद न करता पंखा लावून गादी उभी करून ठेवणे हिताचे.

कपड्यांची कसर, म्हणजे एका पतंगाची अळी, केराटिनवर जगते. ती लोकर आणि पीस खाते, सावरीचा अथवा साधा कापूस खात नाही, तेव्हा सुती गाद्या-उशांत डांबर गोळ्या घालण्याचे कारण उरत नाही. बाळाच्या दुपट्यांत आणि उशीत तर त्या कधीच घालू नयेत, कारण जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आजीच्या ट्रंकेतून निघालेले, गोळ्यांचा वास मारणारे कापड बाळंतिणीच्या खोलीत नेण्यापूर्वी ते गरम पाण्यात धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्याची खात्री करून घ्यावी.