इंजिनचे काम निघते तेव्हा

दिवा-शीळ रस्त्यावर जरा वेळ उभे राहा. एखाद्या टेम्पोमागे निळसर धूर दिसतो. बघणारे म्हणतात, "याचं इंजिनचं काम निघालं." काम निघाले की खर्चही निघतो. पण पैसे कशाचे गेले, हे मालकाला पुष्कळदा कळत नाही. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

इंजिनात सिलिंडर असतो, म्हणजे लोखंडी नळकांडे. त्यात पिस्टन वरखाली होतो. पिचकारीतला दट्ट्या असतो ना, तसाच. पिस्टनभोवती रिंगा असतात. वर्षानुवर्षे घासून नळकांडे झिजते, पण सगळीकडे सारखे नाही. वरच्या बाजूला जास्त झिजते, कारण तिथे आच फार आणि तेल कमी. पिस्टन एका अंगाला रेटतो, म्हणून गोल भोक अंड्यासारखे होते. मग फटीतून तेल वर चढते आणि जळते. तोच निळा धूर.

"गुरुजी, नुसत्या रिंगा बदलू," असे लोक म्हणतात. झीज थोडी असेल तर चालेल. पण गोल रिंग अंड्यासारख्या भोकात कशी बसायची? चार महिन्यांत पुन्हा धूर, आणि खोलण्या-बांधण्याची मजुरी दोनदा!

म्हणून आधी माप घ्यावे लागते. कारागीर 'थाऊ'त बोलतात. एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक थाऊ. आपल्या डोक्याचा केस दोन-तीन थाऊ जाड असतो. एवढ्या बारीक मापाचे हे काम आहे.

भोक झिजले असेल तर ते कापून थोडे मोठे करतात. याला बोरिंग म्हणतात. प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी पुष्कळांना आठवत असेल. ती कुर्ल्याला बनत असे. मुंबईतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाची रुंदी ६८ मिलिमीटर. समजा, वीस थाऊ वाढवले. मग रुंदी साधारण ६८.५ मिलिमीटर होईल, आणि पिस्टनही तेवढाच मोठा लागेल. नवे पिस्टन हातात आल्याशिवाय भोक कापू नये. चांगला कारागीर पिस्टन मोजतो, मगच यंत्र चालू करतो.

शेवटचे दोन-तीन थाऊ घासदगडांनी काढतात. ते होनिंग. त्याने आत तिरप्या, बारीक रेघा उठतात. मालक घाबरतो, "अहो, ओरखडे पडले!" ते ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात. त्यांत तेल धरून राहते.

क्रँकचे मात्र उलटे आहे. भोक मोठे करतात, क्रँकचा दांडा घासून लहान करतात, आणि त्यावर तेवढी जाड बेअरिंग बसवतात. क्रँकमध्ये तेलाची बारीक छिद्रे असतात. त्यात लोखंडाचा कीस राहिला तर नवी बेअरिंग वाया गेलीच समजा. धुण्याच्या कामात आळस करणाऱ्याकडे आम्ही तरी गाडी देणार नाही.

हेडमधल्या व्हॉल्वची परीक्षा सोपी आहे. व्हॉल्व बसवून मागच्या वाटेत रॉकेल ओततात. खाली पाझरले, तर ते काम पुन्हा करायचे.

आता आकड्यांचे. पुष्कळ पिस्टनच्या माथ्यावर आकडा असतो. कुठे २०, कुठे ०.५०. पहिला थाऊत, दुसरा मिलिमीटरात. माप एकच! बिलावर वीस लिहिले असेल आणि पिस्टनवर दुसरेच काही असेल, तर इंजिन बांधण्याआधी विचारा. पुढे कधी पुन्हा काम निघाले, तर किती कापले आहे हे त्याच कागदावरून कळते. कापायला जागा उरली नसेल, तर आत नवी लोखंडी नळी ठोकून बसवतात. तिला लायनर म्हणतात.

इंजिन बांधून झाले की सुरुवातीचे काही दिवस जड माल भरू नये, गाडी फार पळवू नये. नव्या रिंगा भोकाशी घासून जुळतात आणि त्यांचा कीस तेलात उतरतो. म्हणून पहिले तेल लवकर बदलतात, मग ते वरून कितीही स्वच्छ दिसो.