जुन्या गाडीला नवा ब्रेक

आमच्या महाविद्यालयात मोटारसायकलचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "किती पळते?" "किती अंतरात थांबते?" असे विचारणारा मला अद्याप भेटलेला नाही. अलीकडे जुन्या गाड्या हौसेने विकत घेऊन त्यांना नवे भाग बसवण्याची टूम निघाली आहे, आणि डिस्क ब्रेक बसवला की जुनी गाडी नव्या गाडीच्या तोडीची झाली हा समज सर्रास आढळतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु माझ्या मामांची बदल केलेली राजदूत ३५० आणि एका मित्राची यामाहा आर१५ या दोन्ही गाड्या मी कोल्हापूर-पन्हाळा रस्त्यावर पुष्कळदा चालवल्या आहेत. तो अनुभव आणि मामांच्या मिस्त्रींनी समजावून दिलेल्या चार गोष्टी यांच्या आधारे हा समज तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम गाडीची ओळख. यामाहाने १९७३ साली आरडी ३५० ही गाडी काढली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये हीच गाडी 'राजदूत ३५०' या नावाने भारतात आणली, तेव्हा मात्र पुढे सात इंची ड्रम ब्रेक आला. ताकद सुरुवातीला साडेतीस अश्वशक्ती होती. आजच्या आर१५ चे इंजिन १५५ सीसीचे आणि ताकद सुमारे अठरा अश्वशक्ती. तेव्हा नुसत्या ताकदीच्या बाबतीत राजदूतने लाजण्याचे कारण नाही. खरा प्रश्न आहे तो थांबण्याचा आणि वळण्याचा.

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातील गतिज ऊर्जा चौपट होते. ही सारी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. राजदूतच्या पुढच्या ड्रममधील दोन्ही शू चाकाच्या फिरण्यामुळेच अधिक घट्ट ओढले जातात, म्हणून थोड्या जोरातही तो ब्रेक चांगला लागतो. पण उष्णता ड्रमच्या आत कोंडते. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, लाइनरची पकड सुटू लागते आणि लिव्हर हँडलच्या जवळ येत जाते. त्यातच टू-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे फारसे ओढून धरत नाही, म्हणजे उताराचा सगळा भार ब्रेकवरच. उलट डिस्क उघड्या वाऱ्यावर असते, लवकर थंड होते, आणि ऑइलच्या दाबामुळे बोटाला ब्रेकचा अंदाज नेमका येतो. इथपर्यंत डिस्कवाल्यांचे म्हणणे सोळा आणे खरे.

पण ब्रेक थांबवतो तो चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षणाचा जोर. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते. जोरात ब्रेक मारला असता गाडी आणि स्वार यांच्या एकूण वजनापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक भार पुढच्या चाकावर येऊ शकतो. राजदूतला कंपनीने दिलेला पुढचा टायर अवघा तीन इंच रुंदीचा, अठरा इंची चाकाचा. आर१५ चा टायर सतरा इंची चाकावरचा, शंभर मिलिमीटर रुंद आणि आजच्या चिवट रबराचा. जुन्या टायरवर जोरदार डिस्क बसवली तर टायरची पकड आधी संपते. चाक जाम होते आणि गाडी आडवी पडते.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. डिस्क एकाच बाजूला असल्याने ब्रेकचा ओढा एकाच बाजूने येतो, आणि जुने बारीक शॉकअप त्याने पिळवटतात. दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसवावेत, तर लांबी बदलते. ते आखूड असले तर गाडीचे नाक खाली येते, हँडल चपळ होते, पण सरळ रस्त्यावरचे स्थैर्य कमी होते. मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजलेले असतील तर वळणात गाडी डुलते. वाघबिळाच्या वळणावर मामांची गाडी आधीपासून ठरवून, शांतपणे वळवावी लागते. वळणाच्या मध्यावर विचार बदललेला तिला खपत नाही. आर१५ ची रुंद, ताठ डेल्टाबॉक्स चौकट मात्र तेवढी दुरुस्ती सहज करू देते.

तिसरी गोष्ट एबीएसची. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची आहे. चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा सेकंदाला कित्येकदा ब्रेक सैल करून पुन्हा धरते. मामांच्या गाडीवर ते काम उजव्या हाताच्या बोटांनाच करावे लागते.

आता थोडा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. गुरुत्वत्वरणाच्या सात दशांश इतके मंदन मिळाले तर ती वीस मीटरांत थांबते. निम्मेच मिळाले तर अठ्ठावीस मीटर लागतात. हा आठ मीटरांचा फरक म्हणजे रस्ता ओलांडणारे मूल वाचणे आणि न वाचणे यांतील फरक होय.

म्हणून ज्या मित्रांना जुनी गाडी नीट करायची आहे, त्यांनी क्रम उलटा लावू नये. आधी टायर आणि बुश, मग शॉकअप, आणि ब्रेक त्यानंतर. नंतर मोकळ्या मैदानावर थांबण्याचा सराव. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

मामांनी हे सर्व केले आहे, तरी नव्या गाडीच्या मागून जाताना ते नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतात. पुढचा आपल्यापेक्षा लवकर थांबेल, हे त्यांनी मनाशी पक्के धरलेले असते.